खोकलाबाईचा ब्रेक

"अगं, जोर लाव की!"

"लावतेय की! आता काय डोक्यानं ढकलू?"

रोपवाल्याची बायको गाडीच्या पाठीला पाठ लावून, टाचा मातीत रुतवून रेटत होती. रोपवाला ड्रायव्हरच्या उघड्या दाराशी, एक हात स्टिअरिंगवर आणि खांदा चौकटीला लावून, लालबुंद झाला होता. आणि पुढच्या सीटवर मांडीवर लाकडाचा ठोकळा घेऊन त्याचे वडील, आबा, ऐटीत बसले होते, जसं काही मिरवणूकच निघाली आहे.

"आबा, तुम्ही तरी उतरा ना जरा," रोपवाला म्हणाला.

"मी उतरून असं किती ओझं कमी होणार रे? वाळलेल्या पेंढीएवढं माझं वजन. आणि एकदा उतरलो की तुझं हे दार पुन्हा लागायचं नाही. मग दोरी शोधा."

त्यात खोटं काही नव्हतं. आबांच्या बाजूचं दार आतून दोरीनं बांधलेलं असायचं. दोरीची गाठ आबांनाच यायची, आणि सोडायलाही त्यांनाच जमायची.

गाडी अंगणातून कशीबशी रस्त्यावर आली, उताराला लागली, दोन गचके खाऊन खोकली, पुन्हा खोकली आणि चालू झाली. रोपवाल्यानं उडी मारून सीट पकडली. बायको रस्त्यात उभी राहून पदरानं तोंड पुसत राहिली. शेजारच्या बांधावरून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, खोकलाबाईला औषध द्या की!" ती घरात गेली आणि दार जरा जोरात लावलं.

खोकलाबाई हे नाव गावानं ठेवलं होतं. ज्या मोजणीदाराकडून रोपवाल्यानं ती घेतली, तो बदली होऊन चालला होता. "घरच्या माणसासारखी वापरलीय," असं तो देताना म्हणाला होता. आपल्या घरच्या माणसांना तो कसा वापरत होता कुणास ठाऊक! गाडी आली त्या दिवशी मात्र रोपवाल्याचे पाय जमिनीवर नव्हते. गावात मळेवाले पुष्कळ होते, मोठमोठ्या विहिरींचे मालकही होते, पण दारात गाडी कुणाच्याच नव्हती. आणि हा तर नुसता रोपवाला. घरामागं जाळीची शेड, शेडमध्ये ट्रे, ट्रेच्या खळग्यांतून मिरची, टोमॅटो, वांगी, कोबीची रोपं. लोक येऊन घेऊन जायचे, नाहीतर हा सायकलवर ट्रे बांधून नेऊन द्यायचा. वाटेत गरम वाऱ्यानं रोपं माना टाकायची आणि घेणारा नाक मुरडायचा. म्हणून गाडी. मागची सीट काढून फळ्या ठोकल्या की झाला रोपांचा बंगला. निमित्त चांगलं होतं. पण खरं सांगायचं तर निमित्तापेक्षा ऐट मोठी होती, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग सुरू झालं. आधी पाणी तापायला लागलं. चढावर निम्म्यात आली की बॉनेटमधून वाफा. ते दुरुस्त केलं, तर वायपर गेला. वायपर केला, तर पेट्रोलचा वास यायला लागला. त्याची नळी बदलली, तोवर पाणी पुन्हा तापायला लागलं. डावीकडं वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. एकदा स्मशानाकडं निघालेल्या माणसांमागून ही गाडी वळली आणि तिनं जो भोंगा धरला, तो बंदच होईना. मेलेल्याचा भाऊ मागं वळून बघत राहिला. रोपवाल्यानं काचेतून हात जोडले, कपाळावर हात मारून घेतला, शेवटी उतरून वायरच उपटली. त्या दिवसापासून गाडीला हॉर्न नाही. आबा खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थापा मारायचे आणि ओरडायचे, "बाजूला व्हा रे, बाजूला!"

गावात एकच मिस्त्री. त्याला सगळे पाना म्हणायचे, कारण त्याच्या हातात पाना नाही असं त्याच्या आईनंही कधी बघितलं नसेल. पाना गाडीखाली शिरायचा आणि खालूनच बोलायचा. त्याचे पाय तेवढे दिसायचे.

आदल्या आठवड्यात रोपवाला त्याच्याकडं गेला होता, तेव्हा ते पाय बराच वेळ हलले नाहीत.

"काय रे, झोपलास का खाली?"

"झोप कसली येतेय. बाहेर येऊन सांगतो."

पाना सरपटत बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "हँडब्रेकची वायर तुटली ती तुटलीच. ती मी मागं दोनदा जोडून दिली, आता जोडायलासुद्धा काही उरलं नाही. ती एक वेळ सोड. पायाचा ब्रेक बघ. बस आत. दाब. हां, दाबून ठेव. आता पाय हलवू नकोस."

रोपवाल्यानं दाबला. पायाखाली ब्रेक घट्ट लागला. मग हळूच, चिखलात पाय जावा तसा, खाली खाली जायला लागला.

"बघितलंस? आत तेल गळतंय. दोन-तीनदा दणके दिलेस की धरतो, पण धरून राहत नाही. सपाटीला चालून जाईल. उतारावर पाय ठेवून बसशील आणि गाडी तुझ्या पायाखालून निघून जाईल, कळायचंसुद्धा नाही. आतला पार्ट नवाच टाकायला लागेल. शहरातून मागवतो, आठवडाभरात येईल. तोवर गाडी उभी कर."

"आठवडाभर? आत्ता लावणीची घाई आहे. माझे ट्रे काय डोक्यावरून नेऊ?"

"सायकलवरून ने. आधी नेतच होतास ना."

रोपवाल्याला तेच लागलं. सायकलवरून! सगळ्या गावासमोर, पुन्हा ट्रे बांधून! बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अहो, तो सांगतोय तर ऐका की."

"तू मध्ये बोलू नकोस. एवढा हंगाम जाऊ दे, मग करू," असं म्हणून रोपवाल्यानं किल्ली फिरवली. गाडी चालू झाली नाही. शेवटी पानानं आणि बायकोनंच ढकलून दिली.

आता हा ठोकळा. हँडब्रेक गेल्यापासून आबांनी बाभळीचा एक ठोकळा तासून घेतला होता. गाडी थांबली की आबा दोरी सोडून उतरायचे, वाकून चाकाखाली ठोकळा सारायचे आणि "सोड!" म्हणून ओरडायचे, म्हणजे ब्रेकवरचा पाय काढ. निघताना पुन्हा काढायचे. बाजारातली माणसं हसायची. आबांना त्याचं काही नव्हतं. उलट उतरताना ते अशी छाती काढायचे की जणू त्यांच्यावाचून गाडीचं पान हलत नाही. रोपवाल्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पांढऱ्या केसांचा बाप भर बाजारात चाकाशी वाकतोय आणि हा आत बसलाय. म्हणून तो मुद्दाम दुसरीकडं बघायचा. कुणाशी तरी बोलायचा, आरसा नीट करायचा. ते वाकणं आपल्याला दिसू नये एवढंच.

त्या दिवशी बाजारात तेच झालं.

सकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती. बाजाराचा रस्ता वरून खाली उतरत जातो. वरच्या तोंडाला बियाण्याचं दुकान, खाली भाजीवाले. रस्त्यावर बारीक खडी आणि तिच्यावर ओला चिखल. रोपवाल्यानं दुकानासमोर गाडी थांबवली, तोंड उताराकडं. इंजिन बंद करायची सोय नव्हती, बंद केलं की पुन्हा ढकलणारे शोधा. म्हणून गाडी घुरघुरत होती आणि गिअर मोकळा होता. जे काही होतं ते त्याच्या पायाखाली होतं.

आबांनी दोरी सोडली, ठोकळा घेऊन उतरले.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं एका मळेवाल्यानं खिडकीत डोकं घातलं. "मिरची आणलीस का? मागच्या हंगामासारखी मलूल नाही ना?"

"मलूल? माझी रोपं? अहो, आता गाडीतून येतात ती," रोपवाला हसून म्हणाला, आणि मान त्याच्याकडं वळवून बोलत राहिला. कोणती मिरची, किती दिवसांची, उन्हाला कशी टिकते. पाय ब्रेकवर होता. ब्रेक खाली चालला होता. पायाला ते समजत होतं. हे त्याला नंतर फार छळत राहिलं, की पायाला समजत होतं. पण खिडकीतला माणूस "गाडीतून" हा शब्द ऐकून जरा दबला होता, आणि ते बघायला रोपवाल्याला बरं वाटत होतं.

गाडी एक वीतभर सरकली असेल. मग आबांचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. नुसतं "अरे" असं.

रोपवाल्यानं ब्रेकवर दणके मारले. दुसऱ्या-तिसऱ्या दणक्याला गाडी थांबली. चाक थांबलं ते आबांच्या उजव्या हातावर. हात खाली, ठोकळा पुढं, वर चाक.

बाजार धावला. दहा-बारा जणांनी गाडी बाजूनं उचलून धरली, कुणीतरी आबांना मागं ओढलं. हात बघून बियाणेवाल्यानं आपल्या डोक्याचा पंचा काढला आणि गुंडाळला. आबा रस्त्यावर बसले होते, तोंड पांढरं पडलेलं, पण शुद्धीवर. रोपवाला त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"अरे पण झालं कसं?" बियाणेवाला म्हणाला. "ब्रेक लावला नव्हतास का?"

रोपवाल्यानं तोंड उघडलं. सगळे त्याच्याकडं बघत होते. तो मळेवालाही बघत होता.

आणि आबा म्हणाले, "त्याला कशाला विचारता? माझीच चूक आहे. तो सांगत होता, आबा थांबा, थांबा. मीच घाईनं हात घातला. म्हातारपण आहे, दुसरं काय."

मग बियाणेवाला चिडून म्हणाला, "आबा, या वयात तुम्हाला हे उद्योग सांगितलेत कुणी? घरात गप बसायचं सोडून!"

"खरं आहे," दुसरा म्हणाला. "म्हातारी माणसं ऐकत नाहीत. बिचाऱ्या पोराच्या जिवाला घोर."

"चुकलं," आबा म्हणाले. "चुकलं बाबांनो."

रोपवाल्याचं तोंड उघडं होतं ते त्यानं मिटून घेतलं. एवढंच केलं त्यानं. काही खोटं बोलला नाही. नुसतं तोंड मिटलं.

दवाखान्यात दुसऱ्याच्या टेम्पोतून नेलं. डॉक्टरीणबाई कडक होत्या. त्यांनी आबांना विचारलं, आबांनी तेच सांगितलं. बाईंनीही आबांनाच झापलं. "चालू गाडीच्या चाकाखाली कुणी हात घालतं का? लहान आहात का तुम्ही?" आबांनी लहान मुलासारखी मान हलवली. रोपवाला भिंतीशी उभा होता. भिंतीवर दातांचं चित्र होतं, ते तो बघत राहिला. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. उरलेली दोन वाचली, पण ती वळायची नाहीत असं बाईंनी सांगितलं.

घरी आल्यावर बायकोनं आबांना पलंगावर निजवलं, पाणी पाजलं. मग ती शेडमध्ये आली. रोपवाला झारी घेऊन रोपांना पाणी घालत होता. ज्या ट्रेला घातलं होतं त्यालाच पुन्हा घालत होता. पाणी खालून वाहून चाललं होतं.

"आबा म्हणतात, त्यांची चूक झाली," ती म्हणाली.

तो पाणी घालत राहिला.

"मी होते ना पानाकडं उभी. मी ऐकलंय."

"मग जा, सांग गावाला," तो एकदम ओरडला. "जा, दवंडी पिट!"

ती ओरडली नाही. तिनं त्याच्या हातातली झारी काढून घेतली, खाली ठेवली. "रोपं मरतील अशानं," म्हणाली आणि गेली.

पुढचे दिवस मोठे वाईट गेले. आबा डाव्या हातानं जेवायचे, घास निम्मा खाली सांडायचा. सदऱ्याची बटणं सूनबाई लावून द्यायची, तेव्हा ते छताकडं बघत राहायचे. शेडमध्ये बी टाकणं हे आबांचं काम. चिमटीत बी धरून एका खळग्यात एक, अशी त्यांची बोटं चालायची की बघणाऱ्याची नजर मागं राहावी. आता ते काम रोपवाला करू लागला. त्याच्या जाड बोटांतून कुठं दोन बिया पडायच्या, कुठं एकही नाही. आबा शेजारी स्टुलावर बसून म्हणायचे, "हळू. पळून नाही जात ते." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

चौकशीला माणसं यायची. प्रत्येक जण आबांना चार शब्द सुनवायचा आणि जाताना रोपवाल्याच्या पाठीवर हात ठेवायचा. "सांभाळून घे बाबा. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण." तो हात पाठीवर पडला की रोपवाल्याला चटका बसल्यासारखं व्हायचं. पानाही आला. आबांशी इकडचं तिकडचं बोलला, आणि निघताना दाराबाहेर हळूच म्हणाला, "मी कुणाला काही बोललो नाही. बोलणारही नाही." त्याला वाटलं, आपण उपकारच करतोय. रोपवाल्याला त्याच्या चपलांकडंच बघत उभं राहावं लागलं.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. एक दिवस दुसऱ्या गावचा गिरणीवाला तिला बघायला आला. अंगभर पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. माणूस मनमोकळा. "माझी पोरं चालत शाळेत जातात, आईला गुडघ्यांचा त्रास. म्हटलं, जुनी तर जुनी, पण चारचाकी बघावी."

आबा ओट्यावर बसले होते. तेच म्हणाले, "गाडी गुणी आहे. थोडं खोकते, पण चालते."

"आणि हाताला काय झालं, आबा?"

"हे? हा माझाच वेडेपणा. चालू गाडीच्या चाकाखाली..."

"आबा, बस झालं!" रोपवाला म्हणाला.

इतका मोठा आवाज निघेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. बायको दारात आली. बांधावरचे दोघे-तिघे मान वळवून बघायला लागले. रोपवाल्यानं ताडपत्री ओढून काढली, दार उघडलं आणि गिरणीवाल्याला म्हणाला, "बसा आत. बसा तर! ब्रेक दाबा. दाबून धरा. आता पाय हलवू नका."

गिरणीवाला बसला. दाबला. जरा वेळानं त्याच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या.

"हा... हा तर खाली चाललाय."

"चाललाय ना? त्या दिवशी पण असाच चालला होता. आबांनी घाई केली नाही. मी त्यांना थांबा म्हटलं नाही. मी बघतच नव्हतो त्यांच्याकडं, बढाया मारत होतो. ब्रेक खराब आहे, गाडी उभी कर, असं मिस्त्रीनं मला आधीच सांगितलं होतं. मला सायकलवरून जायची लाज वाटली म्हणून मी बापाला उतारावर चाकाशी वाकवला." त्याला धाप लागली होती. "तुमच्या पोरांना या गाडीत घालू नका."

गिरणीवाला खाली उतरला. रोपवाल्याकडं बघितलं, आबांच्या हाताकडं बघितलं. सायकल काढली आणि गेला.

रोपवाला तिथंच जमिनीवर बसला. वाईट वाटत होतंच, पण छातीवरून पोतं उतरावं तसं हलकंही वाटत होतं. आता गाव काय थुंकायचं ते थुंकू दे. त्यानं बायकोकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. मग आबांकडं बघितलं.

आबांचं तोंड रागानं काळं पडलं होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. "मला खोटं पाडलंस," एवढंच म्हणाले. ओट्यावरून उतरले, पायात वहाणा घातल्या आणि रस्त्याला लागले.

"आबा, कुठं निघालात?"

आबा चालतच राहिले.

आबा गेले ते थेट चौकातल्या दुकानात. तिथं गिरणीवाला थांबून पाणी पीत होता, आणि ऐकलेलं सगळं दुकानदाराला सांगून मोकळा झाला होता. आबांनी फळीवर बूड टेकलं आणि हसायला लागले.

"काय सांगत होता माझा मुलगा? ब्रेकची गोष्ट? अहो, गाडी एवढे दिवस उभी आहे. उभ्या गाडीचं तेल उतरतं, ब्रेक बसतो. त्या दिवशी एकदम ठणठणीत होता. पण मुलगा हळवा आहे माझा. लोक मला येता-जाता बोलतात, ते त्याला सहन होत नाही. म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतोय. आज सकाळीच म्हणत होता, आबा, तुम्हाला कुणी बोललेलं मला बघवत नाही."

पाना समोरच उभा होता. दुकानदारानं विचारलं, "काय रे पाना, उतरतं का तेल असं?"

पानानं आबांकडं बघितलं. आबांनी त्याच्याकडं बघितलं. पाना म्हणाला, "उतरतं की. उभ्या गाडीचं उतरतंच."

झालं. गिरणीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तरीच," तो म्हणाला. "असा गाडी न विकणारा माणूस मी बघितलाच नाही कुठं. बापासाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं बिचाऱ्यानं!"

ही गोष्ट रोपवाल्याच्या घरी पोचायच्या आधी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी तो चौकात गेला तर दुकानदारानं उठून त्याला बसायला जागा दिली. "बस. अरे, बस!"

"काका, मी काल बोललो ते खरं होतं. आबा खोटं सांगतायत."

"हो, हो." दुकानदारानं मान डोलावली. त्याचा आवाज ओलावला होता. "तू असंच म्हणणार."

"अहो, शप्पथ! पाना, तू सांग की यांना!"

पाना स्क्रू निवडत बसला होता. तो मान वर करेना.

"कशाला त्या गरिबाला मध्ये घालतोस," दुकानदार म्हणाला. "आम्हाला समजलंय सगळं. तू जितकं नाही म्हणशील, तितकं आम्हाला अधिक समजतंय." आणि गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाला, "बघा. याला म्हणतात मुलगा. आमचा जावई सासऱ्याला पाणी विचारत नाही."

गाडी त्यानं भंगारवाल्याला दिली. पण आपल्यासमोर तोडायची या अटीवर. पुन्हा कुणी तिला सांधून रस्त्यावर आणायला नको म्हणून. भंगारवाल्यानं अंगणातच घणानं आणि गॅसनं तिचे तुकडे केले, आणि गावानं त्याचाही वेगळाच अर्थ लावला. बापाचा हात गेला ती गाडी त्याला डोळ्यांसमोर नको होती, म्हणाले. गिरणीवाल्यानं लांबून माणसं पाठवली, रोपं घ्यायची तर याच्याकडूनच घ्या म्हणून. शेडमधले ट्रे पुरेनात. रोपवाल्याचा धंदा कधी नव्हे इतका चालायला लागला, आणि त्याला गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देता येईना.

एक दिवस दुपारी शेडमध्ये बापलेक दोघेच होते. जाळीतून ऊन गाळून पडत होतं, ओल्या मातीचा वास कोंडला होता. रोपवाला खळग्यांत बी टाकत होता. हात थांबवून तो म्हणाला, "आबा, का केलंत हो असं?"

आबा स्टुलावर बसून डाव्या हातानं सुतळी सोडवत होते. "काय केलं?"

"मला खरं सांगू दिलं नाहीत. मी काय लहान आहे का? लोक माझ्या पाया पडायचे बाकी राहिलेत. मला जेवण जात नाही. लाज वाटते मला, आबा. रोज वाटते."

आबांनी सुतळीची गाठ दातात धरली, ओढून सोडवली.

"वाटतेय ना? वाटू दे," ते म्हणाले. "वाटायलाच पाहिजे. माझी बोटं काय उगाच गेली?" मग खालच्या आवाजात, "पण ती तुझी लाज आहे. तुझ्यापाशी ठेव. तू ती गावात वाटून मोकळा व्हायला निघाला होतास. गावानं तुला आठवडाभर शिव्या दिल्या असत्या, मग विसरून गेलं असतं. तूही विसरला असतास. मी तसं होऊ देईन होय?"

रोपवाल्यानं त्यांच्याकडं बघितलं. आबांच्या तोंडावर राग नव्हता, मायाही नव्हती. काम सांगताना असतो तसा साधा चेहरा होता.

तेवढ्यात शेडच्या दारातून एक म्हातारी वाकून आत आली. कोबीची रोपं न्यायला आली होती. मागं तिचा मुलगा टोपली घेऊन उभा होता. तिनं आधी आबांकडं बघितलं, मग रोपवाल्याकडं, आणि पुढं होऊन तिनं त्याच्या गालावरून सुरकुतलेला हात फिरवला.

"हाच ना तो?" तिनं आबांना विचारलं. "किती ऐकलंय याच्याविषयी. आबा, असा मुलगा सगळ्यांना मिळो हो."

"मिळो," आबा म्हणाले. त्यांची पापणीही हलली नाही.

म्हातारीच्या मुलानं मान खाली घातली. रोपवाल्यानंही घातली. त्यानं कोबीचा ट्रे उचलला, दोन्ही हातांनी जपून धरला, आणि कानांच्या पाळ्या तापलेल्या तशाच घेऊन तो तिची टोपली भरायला बाहेर उन्हात गेला.